नववी अ, नववी ब, नववी क: एकाच स्टाफरूममधल्या पगारांचा हिशोब

शिक्षकांना पगार जास्त आहे का कमी, हा विषय निघाला की गावातल्या पारावर एकच उत्तर येतं, मास्तरांना काय कमी आहे, लाखभर पगार, उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, वर गाडी बंगला. तोच प्रश्न आझाद मैदानावर पावसात बसलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल वीस वर्ष झाली, अजून पूर्ण पगार बघितला नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत, फक्त ते वेगवेगळ्या माणसांकडे बघून बोलतात. म्हणून मी राज्याची सरासरी वगैरे भानगडीत पडत नाही, एकच शाळा घेतो आणि त्या शाळेतल्या एकाच स्टाफरूमचा हिशोब मांडतो.

मी मराठवाड्यातल्या एका खाजगी संस्थेच्या हायस्कूलमध्ये क्लार्क आहे. स्टाफ मला भाऊसाहेब म्हणतो. पगारबिलं मी करतो, शालार्थला, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीला, माहिती मी भरतो, शाळांचे पगार काढणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, वेतन पथकाच्या, खेपा मीच मारतो, त्यामुळे कोणाच्या खात्यावर किती जातात हे हेडमास्तरांच्या आधी मला कळतं. शाळेचं नाव, गावाचं नाव देत नाही, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील फिरवलेत. पगाराच्या रचनेत काही फिरवलेलं नाही, ती कुठल्याही तालुक्यात हीच दिसेल.

आधी शाळा समजून घ्या

आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेला तीन तुकड्या, अ, ब, क. अ तुकड्या जुन्या, १०० टक्के अनुदानित, म्हणजे शिक्षकाचा पूर्ण पगार सरकार देतं. पट वाढला तशी ब तुकडी २००३ ला मिळाली आणि क तुकडी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. नैसर्गिक वाढीच्या तुकड्या म्हणतात त्यांना. आता मेख अशी की नोव्हेंबर २००१ मध्ये शासनाने ठरवलं होतं की यापुढे नवीन शाळा आणि तुकड्या द्यायच्या त्या 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच द्यायच्या. म्हणजे चालवा, पोरं शिकवा, बोर्डाच्या परीक्षेला बसवा, आमच्याकडे पैसे कधीच मागू नका. संस्थाचालकांनी सह्या करून दिल्या, कारण तुकडी पाहिजे होती. शिक्षकाला कोणी विचारलं नव्हतं.

शिक्षक तेव्हा का लागले असा प्रश्न शहरातले लोक विचारतात. बीएड करून घरी बसलेली हजारो पोरं होती, सरकारी भरती नव्हती, आणि प्रत्येक संस्थाचालक सांगायचा की दोन-तीन वर्ष कळ काढ, ग्रँट येणारच आहे. काहींनी त्या दोन-तीन वर्षाच्या आशेवर वावर विकून संस्थेला पैसे पण दिलेत, डोनेशन म्हणून, पावती नाही काही नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, कागदावर कुठेच नसतं. पगार न्याय्य आहे का हे ठरवताना नोकरीसाठी आधी भरलेली ही रक्कम वजा करायची का नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, पण ज्याने भरलेत तो मनातल्या मनात रोज वजा करतो.

बरं, या तुकड्या कागदावर वेगळ्या. प्रत्यक्षात पोरं सकाळी एकाच प्रार्थनेला उभी राहतात आणि टाइमटेबल सगळ्या शिक्षकांचं मिळून एकच असतं. क तुकडीच्या पदावरचे गणिताचे सर अ तुकडीलाच गणित शिकवतात, कारण गणित चांगलं तेच शिकवतात. अ तुकडीच्या पदावरचे इतिहासाचे सर ब आणि क वर जातात. घंटा झाली की सगळे आपापल्या वर्गावर, कोण किती टक्के अनुदानावर आहे हे पोरांना कळायचं काही कारणच नाही.

मे २०२५ चं बिल

माध्यमिकच्या बीएड शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० आहे. मे २०२५ ला आम्ही महागाई भत्ता ५३ टक्क्याने काढत होतो, तो २०,४५८ होतो, घरभाडं गावाकडच्या दराने १० टक्के म्हणजे ३,८६०, आणि थोडा वाहतूक भत्ता. सगळं मिळून ६४ हजारांच्या आसपास. तुलना सोपी जावी म्हणून वार्षिक वाढी सोडून देऊ आणि सगळ्यांना याच आकड्यावर मोजू.

हिंदीच्या मॅडम ब तुकडीच्या पदावर, २००३ पासून शाळेत. त्यांची तुकडी मे मध्ये ६० टक्के अनुदानावर होती (विनाअनुदानित तुकडीला हे टक्के कुठून आले ते पुढे सांगतो). ६४ चे ६० टक्के म्हणजे साधारण ३८ हजार. (त्यांच्या वाढी धरल्या तर आकडा थोडा वर जातो, पण गणित हेच.)

गणिताचे सर क तुकडीच्या पदावर. एमएस्सी बीएड. तुकडी ४० टक्क्यावर. म्हणजे साडेपंचवीस हजार.

विज्ञानाचा नवीन पोरगा, २०२३ ची टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता परीक्षा देऊन पवित्र या सरकारी भरती पोर्टलमधून आलेला, अ तुकडीवरचे एक सर रिटायर झाले त्यांच्या जागेवर. पद १०० टक्के अनुदानित, पण तो शिक्षणसेवक, म्हणजे कायम व्हायच्या आधी मानधनावर असलेला, त्यामुळे तीन वर्ष फिक्स १८ हजार. डीए नाही, घरभाडं नाही.

इतिहासाचे सर, अ तुकडी, १९९८ पासून. सत्तावीस वर्षांच्या वाढी, वरिष्ठ श्रेणी वगैरे मिळून लाख आणि सव्वा लाखाच्या मधे कुठेतरी.

आणि शिपाई मामा, तेही अ च्या बाजूचे, २५ वर्ष नोकरी, पूर्ण अनुदानित. भत्ते धरून पन्नास हजाराच्या वर जातात. मामांना जास्त मिळतात असं माझं अजिबात म्हणणं नाही, मामा सकाळी साडेसहाला शाळा उघडतात आणि शेवटचं पोरगं गेल्याशिवाय कुलूप लावत नाहीत. पण एमएस्सी झालेला माणूस दहावीला गणित शिकवतो आणि त्याच्या दुप्पट पगार घंटा देणाऱ्याचा, हे बिल मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने बनवतो आणि दर महिन्याला मला ते विचित्र वाटतं. शिवाय मामा पण शेवटचेच, डिसेंबर २०२० च्या जीआरने अनुदानित शाळांतली शिपायाची पदं माणूस रिटायर झाला की संपणार आणि शाळेला नुसता भत्ता मिळणार.

माझं सांगायचं तर मी अ च्या बाजूचा, पूर्ण पगारी. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

टक्के आले कुठून

२००९ च्या जुलैमध्ये शासनाने शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द काढून टाकला. आमच्याकडे पेढे वाटले होते. मग २०११ च्या नोव्हेंबरात निकष आले, शाळेचं मूल्यांकन होणार, मार्क मिळणार, पात्र ठरली की पहिल्या वर्षी २० टक्के, मग ४०, ६०, ८०, १००. कागदावर पाच वर्षात पूर्ण पगार. मूल्यांकनं झाली, फायली तालुका, जिल्हा, उपसंचालक, पुणे, मंत्रालय अशा फिरल्या, त्रुटी निघाल्या, पूर्तता झाली, परत त्रुटी निघाल्या. ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक होती, तिथे विनाअनुदानित शिक्षकांचा मोर्चा गेला आणि लाठीमार झाला. आमच्या मॅडम त्या मोर्चात होत्या, त्यांना लागलं नाही, पण चपला तिथेच राहिल्या. त्याच्या आधी सप्टेंबरमध्ये २० टक्क्याचा जीआर निघाला होता, १६२८ शाळा आणि २४५२ तुकड्यांसाठी. त्यात आमची ब आली, क नाही आली.

२० टक्के म्हणजे तेव्हा सहाव्या आयोगाच्या पगाराचे २० टक्के, हातात सहा-साडेसहा हजार. मॅडमना तोपर्यंत संस्था दीड-दोन हजार द्यायची, तेही दिवाळीला आणि परीक्षेच्या वेळेला मिळून. तेरा वर्ष झाली होती नोकरीला. पहिला शासकीय पगार जमा झाला त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला चहा आणि भजी दिली होती आणि इतिहासाचे सर म्हणाले, मॅडम आता तुम्ही पण आमच्यात आलात. मॅडम हसल्या, बोलल्या काही नाहीत.

मग २० चे ४० व्हायला चार वर्ष. नोव्हेंबर २०२० पासून ब ला ४० आणि क ला पहिले २०. मग जानेवारी २०२३ पासून ब ६०, क ४०. पुढच्या टप्प्याचा जीआर ऑक्टोबर २०२४ ला निघाला, विधानसभेच्या इलेक्शनच्या तोंडावर, पण त्याच्यामागे पैशाची तरतूदच नव्हती, म्हणजे जीआर आहे आणि बिल काढता येत नाही. मी स्वतः वेतन पथकात विचारायला गेलो तर तिथला माणूस म्हणाला भाऊसाहेब, हेडला, म्हणजे लेखाशीर्षाला, पैसे आल्याशिवाय मी काय करू, आणि त्याचं बरोबर होतं. जुलै २०२५ ला आझाद मैदानावर परत आंदोलन, तिथे नेतेमंडळींच्या भेटी, आश्वासनं, आणि मग अधिवेशनात पैसे टाकायचं ठरून वाढीव टप्पा ऑगस्टपासून लागू झाला.

आता उरलेल्या टक्क्यांचं काय? नियम असा की सरकार ४० देत असेल तर उरलेले ६० संस्थेने द्यायचे. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा अनुदान असो नसो सगळ्या खाजगी शाळांना लागू आहे, १९८१ च्या नियमावलीत वेतनश्रेणी पण आहे. मी इतक्या वर्षात एकदाही संस्थेकडून तो फरक जमा होताना बघितला नाही. संस्थाचालक म्हणतात मराठी शाळा, आठवीपर्यंत फी घेता येत नाही, नववी दहावीची फी ती काय, पैसा आणू कुठून. त्यात तथ्य आहे. पण मग डोनेशन घेताना हा हिशोब कुठे होता, हे विचारायला जाईल कोण, ज्याची वैयक्तिक मान्यता (नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी), रजा आणि गोपनीय अहवाल त्याच माणसाच्या सहीवर चालतात तो तर विचारणार नाही. शासनाला हे माहीत आहे, शिक्षणाधिकाऱ्यांना माहीत आहे. तरी प्रत्येक जीआरमध्ये उरलेली जबाबदारी संस्थेची हे वाक्य येतंच. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी लबाडी ती आहे. टक्का कमी असणं ही एक गोष्ट झाली, पण बाकीचे कोणीतरी देतंय असं कागदावर लिहून ठेवणं ही दुसरी.

टक्क्याच्या पगाराचे बाकीचे खर्च

पगार कमी असतो तेव्हा नुसता पगार कमी नसतो. शिक्षकांच्या पतसंस्थेत पूर्ण पगारवाल्याला पाहिजे तेव्हा कर्ज मिळतं, कारण कपात बिलातूनच होते. गणित सरांनी घर बांधायला बँकेत अर्ज केला, सॅलरी स्लिप मीच काढून दिली, मॅनेजरने विचारलं अंशतः अनुदानित म्हणजे काय, सरांनी समजावून सांगितलं, मॅनेजरला नीट समजलं आणि त्याने कर्ज दिलं नाही. एवढं चांगलं समजावलं नसतं तर कदाचित मिळालं असतं असं सर स्वतःच नंतर हसत सांगायचे.

दुसरं, पगाराची तारीख. अनुदानित आणि अंशतः अनुदानित यांची लेखाशीर्षं वेगळी, बिलं वेगळी, तरतूद वेगळी. अ चा पगार एक-पाच तारखेच्या आसपास होतो, ब आणि क चा कधी पंधरा, कधी पुढचा महिना, मार्चमध्ये तरतूद संपली तर मग विचारूच नका. किराणावाला टक्के विचारत नाही पण तारीख विचारतो.

तिसरं पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही हे सगळ्या कर्मचाऱ्यांचं दुखणं आहेच, मार्च २०२३ ला त्यासाठी राज्यभर आठवडाभर संप झाला तेव्हा आमची शाळा पण बंद होती. पण मॅडम तर २००३ च्या. त्यांचं काय? शासनाची भूमिका अशी की त्या तारखेला जी शाळा किंवा तुकडी १०० टक्के अनुदानावर नव्हती तिथल्यांना जुनी पेन्शन लागू नाही, मग माणूस कधीही लागलेला असो. हा वाद वर्षानुवर्ष कोर्टात आहे. म्हणजे ज्या काळात सरकारने पगार दिला नाही, तो काळ आता पेन्शनला पण मोजायचा नाही, कारण तेव्हा पगार दिला नव्हता.

आणि कामं? इलेक्शन ड्युटीची ऑर्डर, बीएलओचं काम, दहावीच्या पेपरवर सुपरव्हिजन, पोरांचे आधार, अपार आयडी, युडायस, यात टक्केवारी कोणी विचारत नाही. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्हीला क तुकडीचे सर ड्युटीला होते, पूर्ण ड्युटीला, ४० टक्के नाही.

सरांनी पुढे घरी ट्युशन चालू केल्या. नियमात बसत नाही हे त्यांनाही माहीत आहे, हेडमास्तरांना पण माहीत आहे, आणि हेडमास्तरांचा मुलगा त्याच ट्युशनला जातो.

शिक्षणसेवकाची गोष्ट वेगळी, पण तितकीशी नाही

विज्ञानाच्या पोराबद्दल लोक म्हणतात त्याचं बरं आहे, तीनच वर्ष, मग पूर्ण पगार. खरं आहे. पण ही योजना २००० साली आली तेव्हा मानधन प्राथमिकला ३ हजार, माध्यमिकला ४ आणि ज्युनिअर कॉलेजला ५ होतं. पुढे ते जवळजवळ दुप्पट होऊन ६, ८ आणि ९ हजार झालं आणि मग दशकभर त्याला कोणी हात लावला नाही. पूर्ण पगारवाल्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, शिक्षणसेवकासाठी महागाई बहुतेक होत नसावी. शेवटी २०२२ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शासनाला सुनावलं की हे मानधन वाढवा, तेव्हा जानेवारी २०२३ पासून १६, १८, २० हजार झालं.

इथे एक गंमत बघा. २० टक्क्याच्या टप्प्यावरचा शिक्षक याच हिशोबाने १२-१३ हजारावर येतो. म्हणजे वीस वर्ष शिकवलेला, मान्यता असलेला माणूस शिक्षणसेवकापेक्षा खाली. आणि आमच्या शाळेत हा पोरगा २०२७ ला कायम होईल तेव्हा एका महिन्यात १८ वरून साठ हजाराच्या पुढे उडी मारेल आणि गणित सरांच्या वर जाईल, ज्यांच्याकडून तो आज फळ्यावर उदाहरण कसं सोडवायचं ते शिकतोय. पोरगा चांगला आहे, त्याला स्वतःलाच याची लाज वाटते, पण त्यात त्याची काय चूक.

तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत तर आणखी वेगळे आकडे. जुलै २०२३ ला रिटायर शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने २० हजारावर घ्यायचा निर्णय झाला. २०२४ ला युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास ६, आयटीआय-डिप्लोमा ८ आणि पदवीधर १० हजार अशी पोरं आली, त्यातली कितीतरी थेट वर्गावर उभी केली गेली. शिकवणं तेच.

कोर्ट काय म्हणतं, आणि समोरचे काय म्हणतात

समान काम समान वेतन हे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१६ ला पंजाबच्या केसमध्ये तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने सांगितलं. आमच्या स्टाफरूममध्ये त्या निकालाची झेरॉक्स बरेच दिवस फिरत होती. पण मे २०१९ ला बिहारच्या नियोजित शिक्षकांची केस आली, तिथे साडेतीन लाखाच्या वर शिक्षक होते, पाटणा हायकोर्टात ते जिंकले होते, आणि सुप्रीम कोर्टात हरले. कोर्टाने धरलं की जुन्या पगारातले शिक्षक ही संपत चाललेली केडर आहे, नवीन भरती वेगळ्या मार्गाने झाली आहे, आणि एवढा बोजा राज्याला झेपणार का हेही बघावं लागतं. मला कायद्यातलं फार कळत नाही, पण बिहारमध्ये निदान भरती करणारे वेगळे होते, जुने राज्याने नेमलेले, नवीन पंचायतींनी. आमच्याकडे नेमणूक देणारी संस्था एक, मान्यता देणारा शिक्षणाधिकारी एक, पात्रता एक. फरक फक्त तुकडी मंजूर झाली त्या वर्षाचा. नंतर ऑगस्ट २०२५ ला गुजरातच्या कंत्राटी प्राध्यापकांना ३० हजार पगार मिळत होता, त्यावर त्याच कोर्टाने चांगलंच झापलं, की गुरुर्ब्रह्मा म्हणून श्लोक म्हणायचे आणि पगार असा द्यायचा याला काही अर्थ नाही. ते वाचून मॅडम म्हणाल्या, ३० हजारावर कोर्टाला वाईट वाटतंय, क तुकडीचं बिल पाठवा कोणीतरी दिल्लीला.

समोरच्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. लोक म्हणतात पगार वाढवून शिकवणं सुधारतं का? नाही सुधारत, निदान आपोआप तरी नाही. इंडोनेशियात शिक्षकांना सर्टिफिकेट देऊन पगार दुप्पट केले, त्याचा नीट अभ्यास झाला, तर शिक्षक खुश झाले, जोडधंदे कमी झाले, पण पोरांच्या मार्कात फरक पडला नाही. आंध्रात कंत्राटी शिक्षकांवर प्रयोग झाला, तिथे पगार नेहमीच्या शिक्षकाच्या कितीतरी पट कमी असून पोरं त्यांच्या हाताखाली काही कमी शिकली नाहीत. आमच्या शाळेतही हेच दिसतं, मी उघडच सांगतो, सर्वात जास्त पगार घेणारे इतिहासाचे सर गेली काही वर्ष गाईडमधून नोट्स सांगतात, आणि ४० टक्केवाले गणित सर सुट्टीत जादा तास घेतात. पण यातून निघतं काय? स्वस्तात चांगलं शिकवणारा माणूस मिळतोय म्हणून तो स्वस्तातच ठेवायचा, असं म्हणायचं असेल तर तसं सरळ म्हणावं. मजुरी कामाची असते, माणूस किती मजबूर आहे याची नसते, आणि इथे दर ठरलेला आहे, ३८,६०० अधिक भत्ते, तो दर शासनानेच ठरवलाय. मी त्याच्या वर एक रुपया मागा म्हणत नाहीये.

लाखाच्या वरचा पगार जास्त आहे का, यावर पण विचारतात. तीस वर्षाच्या नोकरीच्या शेवटी पदवीधर माणसाला तेवढा मिळणं मला गैर वाटत नाही, तहसीलातल्या त्याच वयाच्या माणसाला पण तेवढाच मिळतो, तिथे कोणी पारावर चर्चा करत नाही. अडचण ही की सरकार, पेपर आणि गाव तिघंही शिक्षकांचा पगार म्हणलं की इतिहासाच्या सरांचीच स्लिप डोळ्यासमोर आणतात. मग क तुकडीचं बोलायला गेलं की यांना अजून किती पाहिजे असं ऐकायला मिळतं.

पैसा नाही म्हणतात त्यावर एकच सांगतो. २०२५ ला नागपूर विभागात शालार्थ आयडी घोटाळा बाहेर आला, बोगस माणसांच्या नावावर आयडी तयार होऊन सरकारी पगार निघत होते, म्हणजे त्यांच्यासाठी पैसा होता. त्यानंतर खऱ्या शिक्षकांनाच सगळी कागदपत्रं परत अपलोड करायला लावली, नियुक्ती आदेश, मान्यता, रुजू रिपोर्ट, सगळं. मॅडमचा २००३ चा नियुक्ती आदेश पाण्याने खराब झालाय, तो स्कॅन करताना अक्षर उठेना, दोन दिवस त्यातच गेले.

मला काय करावंसं वाटतं

मी धोरण ठरवणारा माणूस नाही, बिल करणारा आहे, म्हणून बिलाच्या भाषेत सांगतो. एक, मान्यता असलेला कोणताही शिक्षक कितीही टक्क्यावर असो, त्याची रक्कम शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या खाली जाता कामा नये, याला नवीन कायदा लागत नाही, एक जीआर पुरतो. दोन, पुढच्या टप्प्यांच्या तारखा आत्ताच छापा, आणि तरतूद असेल तरच छापा. तीन, उरलेले टक्के संस्था देते हे वाक्य एकतर वसूल करा नाहीतर काढून टाका. पट नसेल, तुकडी चालवायची नसेल तर ती बंद करून माणसांचं दुसरीकडे समायोजन करा, तेही चालेल, पण तुकडी चालू, पोरं आहेत, निकाल लागतोय आणि माणूस दोन दशकं पूर्ण पगाराविना, हे नको.

ऑगस्ट २०२५ पासून ब तुकडी ८० वर आणि क ६० वर आली. वाढीव टप्प्याची बिलं मी करून दिली आहेत. गणित सर आता ३८ च्या आसपास जातील, मॅडम ५० च्या पुढे. मॅडमना रिटायर व्हायला पाच वर्ष आहेत आणि त्या दर महिन्याला एकदा टेबलाशी येऊन विचारतात, भाऊसाहेब, १०० चं काही आलं का? शेवटच्या टप्प्याची तारीख माझ्याकडे नाही, मी त्यांना सांगतो की मार्चच्या बजेटमध्ये बघू.